विश्लेषण : भंडाऱ्यात हरलेले बाबासाहेब आणि आजचा सिकलसेलग्रस्त मतदार

दुखणे बाहेरून दिसत नाही, म्हणून मतदार म्हणूनही कुणी मोजत नाही, ही गोंदिया जिल्ह्यातील अनेक सिकलसेलग्रस्तांची अवस्था. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. या आजारावर संशोधन व्हावे, तपासणी आणि औषध गावात मिळावे, अशी भूमिका घेणाऱ्या उमेदवाराच्या मागे हे मतदार एकत्र उभे राहू शकतात का? या प्रश्नाकडे पाहण्यासाठी एका माणसाचे आयुष्य उपयोगी पडते. अभ्यास हीच ज्याची ओळख होती आणि शरीर थकत असतानाही जो याच मातीत मते मागायला आला होता, असा हा उमेदवार म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९५४ मध्ये नेमके काय घडले?

आज गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा आहे. १ मे १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता आणि १९५४ मध्ये हा सगळा मुलूख मध्य प्रदेश राज्यात होता. राजधानी होती नागपूर. त्या वर्षी मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडून बाबासाहेब उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय ६३ होते आणि ते राज्यसभेचे सदस्य होते. मधुमेह जडलेला होता, पायांच्या वेदना पाठ सोडत नव्हत्या, दृष्टीही मंदावत चालली होती. एप्रिलच्या उन्हात त्यांनी भंडाऱ्यात प्रचार केला.

निकाल विरोधात गेला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी मागे पडले. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना मिळाली. त्यानंतर जून ते ऑक्टोबर १९५४ हा काळ बाबासाहेबांनी बहुतांशी अंथरुणावर काढला. औषधांचे दुष्परिणाम आणि अधू होत चाललेली नजर ही त्याची कारणे होती. आजच्या कायद्याची व्याख्या मागे नेऊन त्यांना दिव्यांग म्हणणे योग्य ठरणार नाही. पण शरीर साथ देत नसताना सार्वजनिक काम करणे म्हणजे काय, हे त्यांना स्वानुभवाने माहीत होते.

उमेदवार म्हणून त्यांची ओळख ‘अभ्यासू’ का?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. बालपणाचा काही काळ साताऱ्यात, पुढचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेजात. १९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था, जातिसंस्थेची उत्पत्ती, प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हे त्यांचे तेथील अभ्यासविषय. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ मध्ये रीतसर पदरात पडली.

या शिक्षणाची किंमत घरानेही मोजली. रमाबाईंनी हलाखीत संसार ओढला. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. राजरत्न हा लाडका मुलगा १९२६ मध्ये दगावला. यशवंत एवढेच हाती लागले. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. उपचार आणि पैसा वेळेवर न मिळणे म्हणजे काय, हे त्यांना अहवाल वाचून कळलेले नव्हते. घरातच भोगलेले होते.

त्यांच्या राजकारणात अभ्यासाला मध्यवर्ती जागा होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी फेडरेशनने काढलेल्या जाहीरनाम्यात पक्ष कोणत्याही एका वादाला बांधलेला नाही, विवेक आणि अनुभव यांच्या कसोटीवर उतरेल ती योजना तो स्वीकारेल, अशी भूमिका होती. आजच्या भाषेत सांगायचे तर पुरावा पाहून धोरण ठरवण्याची ही हमी होती.

सत्तेत असताना त्यांनी हे करून दाखवले का?

जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. म्हणजे जवळपास मंत्रीच. या काळातील कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी पाहणी, मग अहवाल, मग कायदा.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवण्यात आला. १९४४ मध्ये अहवाल आला. त्याच पायावर पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारपण, बाळंतपण आणि कामावर असताना आलेले अपंगत्व यांसाठी रोख मदत व उपचार, ही त्या कायद्याची चौकट. कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराला भीक न मागता हक्काने पैसे मिळण्याची सोय त्यातून झाली. १९४४ मध्येच द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या परिस्थितीची देशव्यापी चौकशी करणारी समिती नेमली गेली. विजेच्या नियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि नद्यांच्या नियोजनासाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग याच काळातले.

म्हणजे संशोधनाला पाठिंबा हे त्यांच्या बाबतीत सभेत सांगायचे वाक्य नव्हते. खाते हाती आल्यावर त्यांनी आधी माणसे मोजली, मग पैसे मागितले.

दिव्यांगांच्या मताधिकाराशी त्यांचा संबंध काय?

इथे थोडे मागे जावे लागते. ब्रिटिश काळात मत हा अधिकार नव्हता, ती ऐपत होती. मालमत्ता, भरलेला कर किंवा शिक्षण यांवर मतदार ठरे. जो कमवू शकत नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला शाळेत कुणी घेतले नाही, तो यादीबाहेर. अंध, पांगळा, दुर्धर आजाराने घरी बसलेला माणूस त्यात जवळपास आपोआपच बाहेर पडे.

बाबासाहेबांनी या अटींविरुद्ध पाव शतकाहून अधिक काळ मांडणी केली. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा ते २७ वर्षांचे प्राध्यापक होते. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. गोलमेज परिषदा, १९३२ ची लोथियन मताधिकार समिती, असा हा प्रवास चालला. ऑगस्ट १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३२६ आला. २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला मत. पुढे १९८९ पासून ही मर्यादा १८ झाली.

या अनुच्छेदात मत नाकारण्याची कारणे मोजकी आहेत : तेथे वास्तव्य नसणे, मनोविकलता, गुन्हा आणि निवडणुकीतील भ्रष्ट वा बेकायदा वर्तन. मनोविकलतेच्या बाबतीतही सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले असेल तरच नाव वगळता येते. शारीरिक अपंगत्व हे कारण त्यात कुठेच नाही. अनुच्छेद ४१ ने आणखी एक पाऊल टाकले. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता यांत राज्याने आपल्या ऐपतीनुसार मदत करावी, असे तत्त्व त्यात आहे.

मर्यादाही सांगायला हवी. भेदभावाला बंदी घालणाऱ्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणे आहेत, अपंगत्व नाही. ती उणीव भरून काढायला १९९५ आणि २०१६ चे कायदे यावे लागले.

इतकी मोठी ओळख असूनही ते हरले कसे?

१९५१-५२ मध्ये मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांना साडेचौदा हजारांच्या फरकाने हरवले होते. तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्य असत. एका मतदारसंघातून दोन खासदार, त्यातील एक जागा राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगळ्या उमेदवारांना द्याव्या लागत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर त्यातील एक बाद.

मुंबईत हजारो मते अशी बाद ठरली. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक लवादाकडे दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. भंडारा मतदारसंघही द्विसदस्यच होता. अशा ठिकाणी हिशेब सरळ नसतो. आपल्या नेत्याला पहिले मत देणाऱ्या माणसाचे दुसरे मत कुणाकडे जाते, यावर निकाल फिरू शकतो. राखीव जागेच्या उमेदवारालाही सगळ्या समाजांची मते लागतात. एका समाजाने एकमुखाने मत दिले तरी तेवढ्याने तो निवडून येत नाही. द्विसदस्य मतदारसंघांची ही पद्धत १९६१ मध्ये कायद्याने बंद झाली.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, मतदानाची पद्धत अवघड असेल तर नुकसान आधी नवख्या आणि दुबळ्या मतदाराचे होते. दोन, छोट्या गटाची एकजूट गरजेची असते, पण बाकीच्यांशी जोडून घेतल्याशिवाय ती पुरत नाही.

मतदार एकत्र आणण्याची त्यांची रीत काय होती?

बाबासाहेबांचे मतदार गरीब, विखुरलेले आणि बहुतांशी निरक्षर होते. दिव्यांग मतदारांचीही आजची अडचण तीच : ते एका मोहल्ल्यात राहत नाहीत, गावात दोन घरे इकडे तर एक तिकडे. बाबासाहेबांच्या कामात एक क्रम दिसतो. आधी वृत्तपत्र, जानेवारी १९२० मधील ‘मूकनायक’. मग संस्था, १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा. मग मागणीभोवती लढा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह. पक्ष त्यानंतर, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाने मुंबई प्रांतात १७ पैकी १४ जागा जिंकल्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तेव्हा विदर्भात गावोगाव कार्यकर्ते तयार होते. जलशांच्या गाण्यांतून विचार खेड्यापर्यंत पोहोचत असे, वाचता न येणाऱ्यालाही कळत असे.

निवडणूक ही या साखळीतील शेवटची कडी होती. आज उलटे होते. निवडणूक जाहीर झाली की दिव्यांगांची यादी शोधली जाते.

सिकलसेलचा यात संबंध कसा येतो?

सिकलसेल हा जन्मजात रक्तदोष आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदनांचे झटके, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग, कधी पक्षाघात, कधी खुब्याचे हाड झिजून चालणेच अवघड. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के.

पूर्व विदर्भात, म्हणजे गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार ठळकपणे आढळतो. अनुसूचित जाती आणि जमातींत त्याचे प्रमाण अधिक, पण इतर समाजांतही तो आहे. कारण जातीत नाही, जंगल आणि हिवतापात आहे. वाहक असलेल्या व्यक्तीला हिवतापाच्या गंभीर प्रकारापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. योगायोग असा की, आफ्रिकेतील पाहणीतून हे दाखवणारा अँथनी ॲलिसन यांचा शोधनिबंध १९५४ मध्येच प्रसिद्ध झाला, बाबासाहेब भंडाऱ्यात मते मागत होते त्याच वर्षी. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली ती १९५८ ची.

म्हणजे भंडाऱ्याच्या त्या सभांना आलेल्यांत या आजाराचे रुग्ण नक्की असणार. पण आपल्याला काय झाले आहे, याला नावच नव्हते. ज्याला नाव नाही त्याची मागणी होत नाही आणि मागणी नसेल तर मतही बांधले जात नाही. संशोधन आणि राजकारण यांचा धागा इथे जुळतो.

आज कायदा काय देतो आणि काय देत नाही?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्तविकार आले. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा अधिक असेल तर उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांचा लाभ मागता येतो. मात्र सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या गटांत रक्तविकारांचा समावेश नाही. यादीत नाव आहे, नोकरीच्या रांगेत नाही, अशी ही स्थिती. ती बदलायची तर कायदा बदलावा लागेल आणि कायदा खासदार बदलतात.

मतदानाचे काय? मतदान केंद्रे दिव्यांगांना वापरता येतील अशी ठेवणे हे याच कायद्याच्या कलम ११ नुसार निवडणूक आयोगाचे कर्तव्य आहे. ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदाराला १२-ड नमुना भरून घरून मत देता येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय देशभर होती. ‘सक्षम’ ॲपवरून चाकाची खुर्ची, ने-आण यांची मागणी करता येते. अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरील सोबती नेता येतो.

सिकलसेलग्रस्ताची अडचण वेगळी आहे. १२-ड अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. वेदनेचा झटका तारीख सांगून येत नाही. आज धडधाकट दिसणारी मुलगी मतदानाच्या दिवशी सलाईनवर असू शकते. प्रमाणपत्र ४० टक्क्यांखाली असेल तर घरून मतदानाचा मार्गच बंद. उतार बांधून हा प्रश्न सुटत नाही. अशा आजारांसाठी वेगळी तरतूद हवी, ही मागणी म्हणून पुढे यायला हवी.

उमेदवाराला नेमके काय विचारायचे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामाची वाटणी आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि विकलांगांना साहाय्य हे विषय राज्याच्या सूचीत, तर केंद्राच्या संशोधन संस्था केंद्राच्या सूचीत. त्यामुळे प्रश्नही दोन ठिकाणी विचारावे लागतात.

गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव येथील विधानसभेच्या उमेदवाराला : प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया सलग मिळते का? गावपातळीच्या सोल्युबिलिटी चाचणीत संशय आला तर खात्रीची एचपीएलसी तपासणी किती दिवसांत होते? सालेकसा किंवा देवरीच्या रुग्णाला प्रमाणपत्रासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात?

लोकसभेच्या उमेदवाराला : चंद्रपूर येथील आयसीएमआरच्या रक्तविकार संशोधन केंद्राला पुरेसे मनुष्यबळ आणि निधी मिळावा यासाठी काय करणार? जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे लक्ष्य आहे. तपासणीत सापडलेल्यांच्या उपचाराचे काय? परदेशात मान्यता मिळालेल्या जनुक उपचाराचा खर्च कोट्यवधींच्या घरात आहे. तो देशात स्वस्त व्हावा यासाठी सरकारी संशोधनाला संसदेत पाठिंबा देणार का?

आमगाव विधानसभा क्षेत्र लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात येते, बाकी तिन्ही भंडारा-गोंदियात. म्हणजे हेच प्रश्न दोन खासदारांना विचारता येतात.

एवढ्याने मते फिरतील?

२०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार होती आणि महाराष्ट्रात दिव्यांग सुमारे २९ लाख ६० हजार. त्या जनगणनेत सिकलसेल हा प्रकारच नव्हता, त्यामुळे ही माणसे त्या आकड्यात त्या नावाने नाहीत. दिव्यांग मतदार एकगठ्ठा मत देतात, असे मानण्यालाही आधार नाही. पक्ष, जात, धानाचा भाव, रस्ता, नाते हे सगळे त्यांच्याही मतात असते आणि ते तसे असणे हा त्यांचा अधिकारच आहे.

पण प्रत्येक रुग्णामागे घर असते. आई-वडील, भाऊबहीण, वाहक असलेले नातेवाईक. भंडाऱ्यातील फरक आठ हजारांच्या आसपास होता हे लक्षात घेतले, तर अशी काही हजार घरे एक प्रश्न घेऊन उभी राहणे याला वजन असते. कुणाला मत द्यायचे हे त्यांनी ठरवावे. पण आमच्या आजाराची तपासणी, औषध आणि संशोधन याबद्दल लेखी भूमिका द्या, असे सगळ्याच उमेदवारांना सांगता येते.

हरल्यानंतर बाबासाहेबांनी काय केले?

ते लोकसभेत कधीच गेले नाहीत. १९४८ मध्ये त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला होता. डॉक्टर असलेल्या पत्नीच्या देखरेखीखाली औषधपाणी सुरू होते. नजर अधू, पाय दुखरे, तरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी याच वर्षांत पूर्णत्वाला नेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली; त्या गर्दीत भंडारा-गोंदियाकडची माणसेही होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पोटनिवडणूक हातची गेली, पण अनुच्छेद ३२६ राहिला. बोरकरांना मत देणाऱ्याचा आणि बाबासाहेबांना मत देणाऱ्याचा अधिकार त्याने सारखाच जपला. आज सडक अर्जुनीतील एखादा सिकलसेलग्रस्त तरुण पहिल्यांदा मतदान केंद्रावर जातो तेव्हा त्याच्या मताची किंमतही इतर कुणाइतकीच, एक. ती वसूल करायची तर मतदार यादीतील नाव, दिव्यांगत्वाची नोंद आणि प्रमाणपत्र ही तीन कामे निवडणूक जाहीर होण्याआधी उरकलेली असली पाहिजेत.